राखेतला बटाटा

(लालबागच्या एका चाळीत, गावाकडून मुंबईत आलेल्या मंडळींच्या वाचनवर्गापुढे केलेले भाषण)

बसा मंडळी, बसा. मागे अजून जागा आहे. लेकरांना पुढे बसवा, पण गॅलरीतल्या शेगडीजवळ कुणाला जाऊ देऊ नका. तिच्या राखेत मी बटाटे पुरून ठेवले आहेत. अर्धा तास होऊन गेला. माझे बोलणे संपेपर्यंत ते होतील.

तुम्ही म्हणाल, "बटाटा भाजायला शिकवायचं ते काय? चुलीत टाकला, काढला, खाल्ला." बरोबर आहे. पण खरे सांगा, वरून कोळसा झालेला आणि आतून करकर वाजणारा बटाटा तुमच्यापैकी किती जणांनी खाल्ला आहे? हसू नका. मीही खाल्ला आहे. तो तसा का होतो, ते आधी बघू.

बटाट्यात पाणी फार असते. शंभर ग्रॅम बटाटा घेतला, तर त्यात पाऊणशे ग्रॅमहून जास्त पाणीच असते. उरले त्यात बहुतेक पीठ. जाळ कितीही मोठा करा, सालीतून उष्णता आत जायची ती सावकाशच जाते. मोठ्या जाळाने साल जळते आणि गाभा कच्चा राहतो. निखारा मंद असेल, तर आतले पाणी हळूहळू तापते. त्या गरम पाण्यात आणि वाफेत पीठ फुगते आणि बटाटा मऊ होतो. म्हणजे बटाटा आपल्या अंगच्या पाण्यात शिजतो. त्याला वरून पाणी नको, तेलही नको.

ही गोष्ट रायगडकडच्या लोकांना कुणी सांगावी लागत नाही. त्यांची पोपटी हेच तर आहे. आमचे गाव अलिबागच्या बाजूचे. थंडीत शेतात वालाच्या शेंगा भरल्या, की पोपटी लागायची. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कांदे. वरून जाडे मीठ आणि ओवा. कुणी अंडीही ठेवतो. पाण्याचा एक थेंब घालायचा नाही. तोंडाशी पुन्हा पाला ठासून भरायचा आणि मडके जमिनीवर पालथे घालायचे. मग भोवती काटक्या, पेंढा रचून पेटवायचे. पालथ्या मडक्यातून वाफ बाहेर पडत नाही. सगळ्या बाजूंनी धग लागते. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्र वाजून ते लगेच वाळले, की पोपटी झाली. भांबुर्डा हे बांधावर उगवणारे रानटी झुडूप. त्याला भाजी म्हणून कुणी विचारत नाही, पण त्याचा उग्र वास बटाट्याच्या सालीला लागतो, तेव्हा पातेल्यातला उकडलेला बटाटा आठवतसुद्धा नाही.

आता गंमत बघा. बटाटा मूळचा आपला नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांतला. तिकडे पेरू नावाचा देश आहे. आपण मीठ लावून खातो तो पेरू नव्हे हां! त्या देशातले शेतकरी बटाटे काढले, की शेतातच मातीच्या ढेकळांची छोटी घुमटी रचतात. आत जाळ करतात. ढेकळे चांगली तापली, की बटाटे आत सोडतात आणि घुमटी वरून पाडून टाकतात. तापलेल्या मातीत बटाटे आपोआप शिजतात. अलिबाग कुठे आणि पेरू कुठे! मध्ये दोन महासागर. पण रीत तीच. कोरडी धग आणि कोंडलेली वाफ.

बटाटा आपल्याकडे पोर्तुगीजांनी समुद्रातून आणला. म्हणून तर आपण त्याला त्यांच्याच भाषेतल्या नावाने बटाटा म्हणतो. उत्तरेकडचे लोक आलू म्हणतात. परदेशातून आला आणि उपासालासुद्धा चालू लागला. गव्हाची पोळी चालत नाही, बटाटा चालतो. याचे कारण मला कुणी भटजीने अजून पटेल असे सांगितलेले नाही.

असो. मुंबईत पोपटी कुठे लावणार? इथे दहा फूट बाय दहा फूटची खोली. शेत नाही, पाला नाही, पेंढा नाही. शेगडी मात्र तेव्हा होती. आणि शेगडीतला बटाटा मी शिकले तो हौसेने नव्हे.

१८ जानेवारी १९८२ या दिवशी मुंबईच्या गिरण्यांतला मोठा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंत त्याचे पुढारी होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. परळ, लालबाग, भायखळा, सगळीकडचे भोंगे गप्प झाले. बाबा गिरणीत साच्यावर होते. मी दहा वर्षांची होते. पहिले दोन महिने "आज मिटेल, उद्या मिटेल" म्हणण्यात गेले. मग शेजारची बिऱ्हाडे एकेक करून गावी गेली. आम्ही राहिलो. भावाची शाळेतली शेवटची परीक्षा होती.

तांदूळ कसाबसा उसना मिळायचा. गावाहून कुणी आला, तर पायली-दोन पायली आणायचा. पण कोळसा कोण उसना देणार? रॉकेल रेशनवर मोजून मिळे आणि महिना संपायच्या आत संपे. वखारवाल्याने एक दिवस आईला सांगितले, "बाई, मागचं द्या, मग पुढचं न्या." त्यालाही त्याचे पोट होते. त्या दिवसापासून आई निखारे मोजू लागली.

आमची शेगडी लोखंडी बादलीची होती. मध्ये जाळी, जाळीवर कोळसा, खाली राखेला जागा. सकाळी भात आणि आमटी झाली, की जाळीवर मूठभर निखारे उरायचे. पूर्वी आई ते पाणी मारून विझवायची आणि वाळवून पुन्हा वापरायची. आता तिने नवे काढले. खालच्या गरम राखेत बटाटे पुरायचे. वरचे निखारे चिमट्याने त्या राखेवर उतरवायचे. त्यांच्यावर पुन्हा राखेची चादर. राखेखाली निखारा लवकर विझत नाही. तास-दीड तास धग धरून राहतो. म्हणजे जो कोळसा भातासाठी जाळला, त्याच्यातच बटाटे होत. वेगळा खर्च नाही. दुपारी आम्ही शाळेतून आलो, की राख झटकून एकेकाच्या हातावर एकेक बटाटा. कोमट असायचा. वर मीठ आणि तिखट. बाबा म्हणायचे, "ही आपली बिनमडक्याची पोपटी." आई हसायची नाही. ती उद्याचे निखारे मोजत असायची.

संप मिटला असे कुणी कधी जाहीर केले नाही. वर्ष गेले, दीड वर्ष गेले. थोडे कामावर परतले, पुष्कळांना परत घेतलेच नाही. बाबांना घेतले नाही. आता त्या गिरण्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती आहेत, त्या तुम्ही येता-जाता बघताच.

आता एक गोष्ट नीट ऐका. लेकरांनो, गडबड नको.

त्याच साली पावसाळ्यात आमच्या मजल्यावर एका घरी रात्री शेगडी आत घेतली. पाऊस तिरपा येत होता. त्यांनी दार लावले, खिडकी लावली आणि शेगडी पेटती ठेवून झोपले. धूर नव्हता. नुसते लाल निखारे. पहाटे त्यांच्या म्हातारीला ओकारी झाली, ती उठून दार उघडायला गेली आणि उंबऱ्यातच पडली. तिच्या पडण्याच्या आवाजाने आम्ही धावलो. आत दोघे जण हाक मारली तरी उठेनात. त्यांना ओढून गॅलरीत आणले, मग रुग्णालयात नेले. वाचले. म्हातारी उठली नसती, तर कुणीच वाचले नसते.

हे कशाने झाले? निखारा जळतो तेव्हा त्यातून एक विषारी वायू निघतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. डोळे चुरचुरत नाहीत. तो श्वासातून रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. मग झोप येते. त्या झोपेतून माणूस उठत नाही. म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच ठेवू नका. थंडी असो, पाऊस असो. "खिडकी जराशी उघडी आहे" यावरही विसंबू नका. शेगडी बाहेर, गॅलरीत, अंगणात. ती राखेने झाकली तरी विषारी वायू निघतच असतो. आणि घरात एकदम दोघातिघांचे डोके दुखू लागले, तर आधी दारे उघडा, सगळ्यांना उघड्यावर आणा आणि दवाखाना गाठा. गावाकडे थंडीत घमेल्यात निखारे घेऊन झोपायची सवय असते. ती आजपासून सोडा.

हं. आता पुन्हा बटाट्याकडे येऊ.

भाजायला बटाटा जुना घ्यावा. जाड सालीचा, घट्ट, हाताला कोरडा लागणारा. नवा बटाटा पातळ सालीचा आणि पाणचट असतो. तो रश्श्याला बरा, पण भाजला तर चिकट होतो. आकार कोंबडीच्या अंड्याहून थोडा मोठा. सगळे एकसारखे निवडा, म्हणजे एकाच वेळी होतील.

हिरवा बटाटा घेऊ नका. बटाटा उजेडात राहिला की सालीखाली हिरवा होतो. तो हिरवा रंग वाईट नव्हे, पण त्याच्या जोडीने एक कडू विष तयार होते. पोटात मुरड, ओकारी, जुलाब होतात. ते विष शिजवून किंवा भाजून जात नाही. कोंबातही ते असते. थोडा डाग असेल, तर तेवढा भाग जाड कापून टाका आणि तो बटाटा भाजीला वापरा. सालीसकट भाजू नका. फार हिरवा असेल किंवा जिभेला कडू लागला, तर सरळ फेका. दोन रुपयांसाठी लेकराचे पोट बिघडवू नका. घरी बटाटे अंधारात, वारा लागेल असे, टोपलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले, की घाम येऊन कुजतात.

बटाटे धुवा आणि पुसून कोरडे करा. मग दाभणाने किंवा सुरीच्या टोकाने तीन-चार ठिकाणी टोचा. हे विसरू नका. आत वाफ कोंडली, तर बटाटा फुटतो आणि राख डोळ्यांत उडते.

चूल असेल, तर स्वयंपाक झाल्यावर जाळ काढून घ्या. गरम राखेत बटाटे पुरा, वर निखारे पसरा. पाऊण तास ते एक तास. मध्ये एकदा फिरवा. राख लाकडाची किंवा गोवरीची हवी. रंगवलेले लाकूड, प्लास्टिक, रबर जाळले असेल, तर त्या राखेत खायची वस्तू घालायची नाही.

आता बहुतेकांच्या घरी गॅस आहे. त्यावर जाड बुडाचे लोखंडी पातेले किंवा कढई घ्या. तळाशी बोटभर जाडे मीठ पसरा. त्यावर बटाटे ठेवा, घट्ट झाकण घाला, वर वरवंटा ठेवा. आच मंद. दर दहा-पंधरा मिनिटांनी फिरवा. पाऊण तासाने सुरी घालून बघा. अडखळली नाही, की झाले. ते मीठ फेकू नका, पुढच्या वेळी पुन्हा वापरा. कुकरमध्ये मात्र पाण्यावाचून बटाटे ठेवू नका. कुकर पाण्याच्या वाफेवर चालतो. कोरडा तापवला, तर रबर जळते आणि झडप उडते.

पण खरे सांगू? चार बटाट्यांसाठी पाऊण तास गॅस जाळणे मला जिवावर येते. आईची मुलगी ना मी! मी काय करते, डाळ-भाताच्या कुकरमध्ये वरच्या डब्यात सालीसकट बटाटे ठेवते. ते शिजले, की पुसून तापल्या तव्यावर दहा मिनिटे फिरवते. साल खरपूस होते. राखेचा वास येत नाही, पण गॅस वाचतो.

खाताना मधोमध चीर द्या आणि दोन्ही बाजूंनी दाबा. वाफ निघून गेली, की बटाटा मोकळा होतो. वाफ कोंडलेली ठेवली, तर तो ओलसर बसतो. मीठ, थोडे तेल आणि इथल्याच मसाल्याच्या गल्लीतले तिखट. नाहीतर लसणीची चटणी. उपासाला तूप, जिरे आणि दाण्याचे कूट. साल स्वच्छ असेल, तर खा, जळलेली तेवढी काढा. बटाट्याने पोट भरते, पण अंगात जोर यायला डाळ, उसळ, दही, असे काहीतरी सोबत हवेच. नुसत्या बटाट्यावर आम्ही दिवस काढले ते नाइलाजाने.

झाले बहुतेक. वास आला ना? थांबा, चिमटा माझ्याकडे द्या, हाताने काढू नका. राख झटकून घेते. पहिला त्या मागे बसलेल्या आजींना द्या. आजी, पदरात धरा, आत फार गरम असतो.