नाण्यांबरोबर त्यांची हकिकतही जपा

(वरळीच्या बीडीडी चाळीतील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



जुने नाणे दिसले की आपण प्रथम विचारतो, "याचे किती येतील?" आज मी दुसराच प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. हे नाणे आपल्या घरात आले कोठून?

नाणे स्वतःविषयी बरेच सांगते. मोगल रुपयावर बहुधा बादशहाचे नाव, टांकसाळीचे गाव, हिजरी सन आणि राज्यारोहणापासूनचे वर्ष असते. मजकूर फारसी असला तरी लिपी उर्दू शिकणाऱ्या मुलांच्या ओळखीची आहे. थोड्या सरावाने ती तो वाचू शकतील. परंतु टांकसाळीतून निघाल्यावर ते नाणे कोणाकोणाच्या हातून गेले, हे त्याच्यावर नसते. ते माणसांनीच लिहून ठेवावे लागते.

याचे आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली आणि १९०८ साली मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नंतर ही नाणी ठिकठिकाणच्या संग्रहांत विखुरली. पण ती एकाच ठेव्यातील होती हे कागदावर राहिले, म्हणून नवा राजा जुने चलन आपल्या छापाने किती मोठ्या प्रमाणावर चालवीत होता, हे इतिहासकारांना कळले. सुट्या एका नाण्यावरून ते कळले नसते.

घरगुती संग्रहाचेही असेच आहे. आपल्या या चाळी १९२० नंतरच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण घर बदलताना ट्रंका उघडतात आणि वाटण्या होतात. आजोबांनी जमवलेल्या शिवराया, पंचम जॉर्जचे रुपये, १९४३ ते १९४७ मधले भोकाचे पैसे यांतले काही एका मुलाकडे जातात, काही मुलीकडे, आणि चांदीचे रुपये सोनाराच्या मुशीत. मग हा संग्रह कोणाचा, कोठून जमला, हे सांगणारा कोणी उरत नाही.

म्हणून वाटणीपूर्वी एक वही करा. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या. धातू, वजन आणि व्यास लिहा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कोणाकडून, केव्हा, कोठे मिळाले ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा. स्वतः पाहिलेले, ऐकलेले आणि नुसत्या अंदाजाचे असे तीन रकाने ठेवा. अंदाज हा माहिती म्हणून लिहू नका, कारण पुढच्या पिढीला तो खराच वाटेल. जुनी पाकिटे, चिठ्ठ्या, खरेदीच्या पावत्या फेकू नका. नाणी घासून चकचकीत करू नका. त्यामुळे नाण्याचे नुकसान होते.

संग्रह आधीच पांगला असेल तरी निराश होऊ नका. आत्या, मामा, चुलते यांच्याकडे जा. ज्याच्याकडे जे आहे त्याचे फोटो आणि आठवणी एका वहीत आणा. नाणी परत मागू नका. फक्त नोंद मागा, म्हणजे कोणी संकोचणार नाही.

एक कायद्याची गोष्टही ध्यानात असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला परदेशी नेता किंवा पाठविता येत नाही. जमिनीत पुरलेले धन सापडले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. नाणे आपल्याकडे कसे आले याची चोख नोंद असेल तर आपलेच हात स्वच्छ राहतात.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत हे काम तुम्ही अंगावर घ्या. सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. नाण्यांची वाटणी खुशाल होऊ द्या. वहीची मात्र नक्कल करून प्रत्येक घरी द्या.