वनडेचा सर्वांत भारी बॉलर कोण? आधी कॉलम ठरवा!

हेडफोन लावलेत ना? कारण आजचा विषय लोकलमध्ये किंवा बसमध्ये मोठ्याने ऐकलात, तर शेजारचा माणूस भांडायला उठेल. विषय असा आहे की वनडे क्रिकेटमधला आजवरचा सर्वांत भारी बॉलर कोण?

बॅट्समनवरून आपण रोजच वाद घालतो. बॉलरचा विषय निघाला की मात्र पाचव्या मिनिटाला कोणीतरी मोबाइल काढतो, एक यादी दाखवतो आणि म्हणतो, "हे बघ, विषय संपला." माझं म्हणणं असं आहे की विषय तिथे सुरू होतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. दिवसभर डेटाबेस आणि मी, मी आणि डेटाबेस. या कामाने एक सवय लागली आहे. कुठलीही यादी समोर आली की मी आधी विचारतो, ही कोणत्या कॉलमवर सॉर्ट केली आहे? कारण कॉलम निवडला की पहिला नंबर कोणाचा, हे आपोआप ठरतं. वाद बॉलरवर चालू आहे असं आपल्याला वाटतं, पण खरा वाद कॉलमवर असतो. आज एकेक कॉलम उघडून बघू आणि शेवटी मी माझं नावही सांगतो. पळ काढणार नाही.

पहिला कॉलम: एकूण विकेट्स. इथे मुथय्या मुरलीधरन पहिला, ५३४ विकेट्स. दुसरा वसीम अक्रम, ५०२. पाचशेच्या पलीकडे फक्त हे दोघं. दोघंही थोर, यात वादच नाही. पण मुरली ३५० सामने खेळला आणि वसीम ३५६. आता आपल्या जसप्रीत बुमराकडे बघा. जानेवारी २०१६ मध्ये तो पहिली वनडे खेळला आणि २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलपर्यंत त्याचे सामने झाले ८९. जवळपास आठ वर्षांत ८९! मधे दुखापती आल्या, आयपीएल आलं, टी-ट्वेंटी आलं, आणि वनडे कमी होत गेल्या. या वेगाने ५३४ विकेट्स घ्यायला त्याला अजून वीस वर्षं लागतील.

म्हणजे हा कॉलम कौशल्याबरोबर कॅलेंडरही मोजतो. ज्याच्या काळात शारजात आणि इतरत्र सतत सामने होत होते, त्याची बेरीज मोठी. पुढच्या पिढीतला बॉलर कितीही भारी असला तरी त्याला या यादीत वर जागाच नाही. तसा नियम कोणी केलेला नाही, पण हा कॉलम लावला की तसंच होतं.

दुसरा कॉलम: सरासरी. म्हणजे एका विकेटमागे किती रन दिले. हा जास्त प्रामाणिक वाटतो, पण यातही एक गंमत आहे. वसीम अक्रमची सरासरी २३.५२. वकार युनूसची २३.८४. एकच देश, एकच ड्रेसिंग रूम, बऱ्याचदा एकाच डावात दोन एंडकडून दोघं. सरासरी जवळजवळ सारखी. मग दोघं सारखेच बॉलर का?

अजिबात नाही. वकार साधारण दर ३० बॉलना एक विकेट घ्यायचा, पण ओव्हरमागे ४.६८ रन द्यायचा. वसीमला विकेटसाठी ३६ बॉल लागायचे, पण तो द्यायचा फक्त ३.८९. दहा ओव्हर्सचा हिशोब करा. वकार म्हणजे ४७ रन आणि जवळपास दोन विकेट्स. वसीम म्हणजे ३९ रन आणि दोनाला थोड्या कमी. आठ रनांचा फरक! ज्याने शेवटच्या ओव्हरपर्यंत ताणलेली एक तरी मॅच बघितली आहे, त्याला आठ रन म्हणजे काय ते माहीत आहे. उलट समोर भागीदारी जमली असेल आणि ती फुटतच नसेल, तर आठ रन गेले उडत, मला वकार हवा. सरासरीचा कॉलम या दोघांना एका ओळीत बसवतो आणि त्यांच्यातला हा फरक गिळून टाकतो.

तिसरी गोष्ट काळाची. वेस्ट इंडीजचा जोएल गार्नर घ्या. उंची सहा फूट आठ इंच, आणि यॉर्कर असा की वरून कोणी सळई सोडली आहे असं वाटावं. ९८ सामन्यांत १४६ विकेट्स, सरासरी १८.८४, आणि ओव्हरमागे रन फक्त ३.०९. म्हणजे दहा ओव्हर्समध्ये ३१ रन!

आता कोणी म्हणेल, "अरे, तेव्हा सगळेच हळू खेळायचे." बरोबर. म्हणून तर त्याच काळातल्या इतरांशी तुलना करायची. ते दिवसही ओव्हरमागे चारच्या थोडं पुढे जाणारे होते, आणि हा माणूस तीनवर बसला होता. बुमराची इकॉनॉमी ४.५९ आहे. ती गार्नरशेजारी ठेवली तर महाग वाटते, पण आजच्या ओव्हरमागे पाचच्या वर जाणाऱ्या वनडेत ठेवा, मग समजेल की ती काय चीज आहे. १९८५ चा पगार आणि आजचा पगार महागाई न धरता कोणी तुलना करतं का?

आणि गार्नरने रन रोखण्याचा परिणाम काय होतो, ते २३ जून १९७९ ला लॉर्ड्सवर दिसलं. वर्ल्ड कप फायनल, तेव्हा साठ ओव्हर्सची. वेस्ट इंडीज २८६. इंग्लंडच्या ओपनर्सनी १२९ ची भागीदारी केली, पण त्यात ३८ ओव्हर्स खाल्ल्या. मग मागून येणाऱ्यांना गार्नरला मारण्यावाचून पर्याय उरला नाही. २ बाद १८३ वरून इंग्लंड सर्वबाद १९४. अकरा रनांत आठ विकेट्स! गार्नर ३८ रनांत ५. रन रोखणं आणि विकेट घेणं ही दोन वेगळी कामं नाहीत. बऱ्याचदा पहिल्यामुळेच दुसरं होतं.

चौथी गोष्ट: ओव्हर कोणती? यासाठी आपल्या श्रीरामपूरच्या माणसाचं उदाहरण देतो. झहीर खान, २ एप्रिल २०११, वानखेडे. स्कोअरकार्ड म्हणतं: १० ओव्हर्स, ६० रन, २ विकेट्स. नुसतं वाचलं तर ठीकठाक. पण त्याच्या पहिल्या पाच ओव्हर्स बघा: तीन निर्धाव, फक्त सहा रन आणि थरंगाची विकेट. उरलेल्या पाच ओव्हर्समध्ये ५४ गेले. एकाच दिवशी, एकाच माणसाचे दोन पूर्ण वेगळे स्पेल. नवा बॉल टाकणं हे एक काम, मधल्या ओव्हर्स आवळणं हे दुसरं आणि शेवटी मार खायची तयारी ठेवून यॉर्कर टाकणं हे तिसरं. जो फक्त मधेच टाकतो आणि जो शेवटी टाकतो, त्यांची इकॉनॉमी शेजारी ठेवणं म्हणजे हायवेचा ड्रायव्हर आणि दादरच्या गर्दीतला ड्रायव्हर यांचं मायलेज शेजारी ठेवण्यासारखं आहे.

आणि खुद्द बॉलही बदलला. ऑक्टोबर २०११ पासून दोन्ही एंडकडून वेगळा नवा बॉल आला. म्हणजे एक बॉल जास्तीत जास्त पंचवीस ओव्हर्स जुना. तो नीट झिजतच नाही, मग रिव्हर्स स्विंग व्हायचा कसा? २०१८ मध्ये सचिनने यावर जाहीर टीका केली होती आणि वकारनेही त्याला दुजोरा दिला होता. शेवटी जुलै २०२५ पासून नियम बदलला. आता ३४ ओव्हर्सनंतर दोनपैकी एकच बॉल पुढे वापरतात. म्हणजे मधली जवळपास चौदा वर्षं बॉलरच्या हातातलं एक हत्यार नियमानेच बोथट केलं होतं. मिचेल स्टार्कने २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये २७ विकेट्स घेतल्या आणि मोहम्मद शमीने २०२३ मध्ये फक्त सात सामन्यांत २४, त्या या दिवसांतल्या आहेत. त्यांना थोडे जास्त मार्क द्यायला हवेत की नको?

आता मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट. या "सर्वकालीन" याद्यांमध्ये झूलन गोस्वामी कुठे असते? २००२ ते २०२२, तब्बल वीस वर्षं. २०४ वनडे, २५५ विकेट्स, इकॉनॉमी ३.३७. महिलांच्या वनडेत याहून जास्त विकेट्स कोणाच्याच नाहीत. २०१७ ची लॉर्ड्सवरची फायनल आठवा. दहा ओव्हर्स, २३ रन, ३ विकेट्स. आपण ती मॅच नऊ रनांनी हरलो, म्हणून तो स्पेलही लोक विसरले. "पण ते वेगळं क्रिकेट आहे," असं कोणी म्हणालं तर मान्य, वेगळं आहे. मग यादीच्या डोक्यावर "पुरुषांचं" असं लिहा की! क्वेरीत फिल्टर लावायचा आणि रिपोर्टवर मात्र "सर्व" लिहायचं, हे आमच्या ऑफिसात चालत नाही.

चला, आता माझं नाव सांगायची वेळ. पुरुषांच्या वनडेत माझ्यासाठी शेवटच्या फेरीत तिघं उरतात.

मुरली मधल्या ओव्हर्सचा राजा. स्पिनर असून इकॉनॉमी ३.९३.

ग्लेन मॅग्रा म्हणजे मशीन. सरासरी २२.०२, म्हणजे वसीमपेक्षा चांगली. वर्ल्ड कपमध्ये ३९ सामन्यांत ७१ विकेट्स, आणि १९९९, २००३, २००७ असे सलग तीन वर्ल्ड कप जिंकलेला. २००३ च्या फायनलच्या पहिल्याच ओव्हरमध्ये त्याने स्वतःच्याच बॉलिंगवर सचिनचा कॅच घेतला, ते दृश्य आमच्या घरात आजही कोणी रिप्लेमध्ये बघत नाही. तुम्ही मॅग्राचं नाव घेतलंत तर मी भांडणार नाही.

पण माझं उत्तर वसीम अक्रम. हे नाव घेतलं की आमच्या ग्रुपवर हमखास मेसेज येतो, "आपला कोणी सापडला नाही का?" अरे, आपण बॉलर निवडतोय, सोयरीक जमवत नाही! ज्या बॉलरची भीती वाटायची, त्याला मोठं म्हणायला काय हरकत आहे?

माझा कॉलम सांगतो. पन्नासपैकी कुठलीही ओव्हर चिठ्ठी टाकून काढायची आणि डोळे मिटून बॉल द्यायचा, तर कोणाच्या हातात? पहिली आली तर वसीम नवा बॉल दोन्ही बाजूंना स्विंग करतो. पस्तिसावी आली तर १९९२ ची मेलबर्नची फायनल बघा. लागोपाठच्या दोन बॉलवर लॅम्ब आणि लुईस, दोघांच्याही दांड्या गुल, आणि मॅच फिरली. पन्नासावी आली तर यॉर्कर आहेच. शिवाय त्याच्या ५०२ पैकी १७६ विकेट्स त्रिफळा. ना स्लिपचा कॅच लागतो, ना अंपायरचं बोट. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड बाहेरच्या कशावरही अवलंबून नाही.

तुमचा कॉलम वेगळा असेल तर तुमचं नावही वेगळं येईल, आणि ते चूक नसेल. फक्त कॉलम आधी सांगा आणि नाव नंतर. आपण नेमकं उलटं करतो. आवडता बॉलर आधी ठरवतो आणि मग त्याला जिंकवणारा आकडा शोधत बसतो.

तर मंडळी, तुमच्यासाठी काम. पाच नावं पाठवा, आणि प्रत्येकापुढे एका ओळीत कॉलम लिहा. नुसतं "मुरली भाई मुरली" चालणार नाही. पुढच्या भागात त्यातल्या सर्वांत भांडखोर याद्या वाचून दाखवतो. तोवर ऐकत राहा, आणि गल्लीत खेळताना कधीतरी बॅटचा हट्ट सोडून बॉलही मागा!