चढत्या पाण्याचा मासा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नदीचं पाणी चढलं की शहाण्यानं काठापासून चार पावलं मागं सरावं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मॉमी नावाची एक नदी आहे. तिथं मार्च-एप्रिल महिन्यांत नेमकं उलटं घडतं. शेतांवरचं बर्फ वितळलेलं असतं, वसंतातल्या सरी येऊन गेलेल्या असतात, नदी फुगून गढूळ झालेली असते. आणि त्या बर्फगार पाण्यात, छातीपर्यंतचे रबरी पोशाख चढवून, शेकडो माणसं ओळीनं उभी असतात. प्रत्येकाच्या हातात गळाची काठी. सगळे वाट पाहत असतात ती एकाच माशाची. त्याचं नाव वॉलआय.

हा गोड्या पाण्यातला मासा. अंगानं लांबट, रंगानं ऑलिव्ह-सोनेरी, तोंडात अणकुचीदार दात. त्याची खरी ओळख मात्र डोळ्यांची. मांजराच्या डोळ्याप्रमाणे याच्याही डोळ्यात प्रकाश परतवणारा एक पडदा असतो. बॅटरीच्या उजेडात ते डोळे काचेसारखे चमकतात. शास्त्रीय नावातला ‘विट्रियस’ हा लॅटिन शब्दही काचेशीच नातं सांगतो. या डोळ्यांमुळे त्याला अंधुक उजेडात आणि गढूळ पाण्यातही चांगलं दिसतं. त्यामुळे इतर मासे जिथं चाचपडतात, तिथं हा शिकार साधतो.

एरवी त्याचा मुक्काम ईरी सरोवरात. उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांपैकी हे सर्वांत उथळ. थंडी ओसरू लागली की हजारो वॉलआय सरोवरातून मॉमी नदीत शिरतात आणि टोलिडो शहर ओलांडून पेरिसबर्गच्या आसपासच्या खडकाळ, खळाळत्या पात्राकडे चढू लागतात. पाण्याचं तापमान साधारण सहा ते अकरा अंश सेल्सिअस झालं की अंडी घालण्याचा हंगाम भरात येतो. नर आधी येतात आणि बरेच दिवस थांबतात. माद्या आकारानं मोठ्या. त्या येतात, बहुधा रात्रीच्या वेळी खडीवर अंडी सोडतात आणि परत फिरतात. मादीच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण पन्नास हजार अंडी. घरटं नाही, राखण नाही. अंडी दगडगोट्यांच्या फटींत पडून राहतात, पुढचं पाण्याच्या हाती.

कोकणातल्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. मृगाचा पाऊस कोसळला, ओढे भरून वाहू लागले की आपल्याकडेही मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. कुणी त्याला वलगण म्हणतं, कुणी चढणीचे मासे. कारण तेच. नव्या पाण्यात अंडी घालायची. फरक इतकाच की तिथं पाणी बर्फाचं आणि पावसाचं, इथं निव्वळ पावसाचं.

आता चढत्या पाण्यात हा मासा धरतात कसा? नवखा माणूस गळ लांब, नदीच्या मध्यावर फेकतो. जाणता तसं करत नाही. पाणी चढलं की मधल्या धारेशी झुंजत राहणं माशालाही परवडत नाही. तो काठाच्या बाजूला सरकतो, दगडाच्या आडोशाला, बेटाच्या मागच्या संथ पाण्यात दम खातो. म्हणून माणसानंही मागं सरायचं. कित्येकदा मासा गुडघाभर पाण्यात असतो आणि माणूस त्याला ओलांडून कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो! धार वाढली की दोरीला शिशाचं वजनही वाढवायचं, म्हणजे आमिष तळालगत राहतं. आमिष म्हणजे मऊ प्लॅस्टिकची वळवळती शेपटी, गढूळ पाण्यात दिसावी म्हणून भडक पोपटी किंवा नारिंगी. रबरी पोशाखावर कमरेला पट्टा घट्ट आवळायचा, कारण पाय घसरला तर पोशाखात पाणी भरतं. वॉटरव्हिल इथं नदीची पातळी सतत मोजली जाते. घरून निघण्यापूर्वी तो आकडा पाहणं हा तिथला पहिला धडा. आकडा वाढता असेल तर गळ काठावरूनच टाकायचा.

पण मासा अंडी घालायला आलेला असताना त्याला धरावं का, हा प्रश्न उरतोच. ओहायोनं सरसकट बंदी घातलेली नाही, पण वेसण मात्र घातली आहे. मार्च आणि एप्रिलमध्ये नदीच्या या भागात फक्त सूर्योदय ते सूर्यास्त गळ टाकायचा. रात्र माशाची. गळाला एकच आकडा हवा, तीन तोंडांचा चालत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, गळ माशाच्या तोंडात आतून लागला असेल तरच तो मासा आपला. पाठीला, पोटाला, शेपटीला अडकला तर तिथल्या तिथं सोडून द्यायचा, मग तो कितीही मोठा असो. दाटीनं चढणाऱ्या माशांत नुसता आकडा ओढूनही मासा अडकतो, पण ती मासेमारी नव्हे, ती लूट. पंधरा इंचांहून लहान मासा ठेवायचा नाही, आणि दिवसाचा कोटाही ठरलेला. अलीकडच्या वर्षांत तो सहा माशांचा आहे.

ही शिस्त आपोआप आलेली नाही. १९६०च्या दशकात ईरी सरोवराची अवस्था इतकी वाईट होती की वर्तमानपत्रं त्याला मेलेलं सरोवर म्हणत. १९७० साली माशांत पारा सापडला आणि वॉलआयच्या मासेमारीवर गदा आली. याच माशाचा निळसर भाऊबंद, ब्लू पाइक, तर कायमचा नाहीसा झाला. मग १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात महासरोवरांच्या पाण्याबाबत करार झाला. सरोवराभोवतीची चार राज्यं आणि कॅनडाचा ऑन्टारियो प्रांत एकत्र बसून दरवर्षी किती वॉलआय धरायचे ते ठरवू लागले. मासा परतला.

तरीही सगळं माणसाच्या हातात नाही. गंमत पाहा. ज्या चढत्या पाण्यावर आईबाप वर येतात, तेच पाणी पिल्लांचा काळ ठरू शकतं. अंड्यातून दोन-तीन आठवड्यांनी निघणारं पिल्लू एक सेंटिमीटरही नसतं. त्याला धड पोहता येत नाही. पोटाला चिकटलेली शिदोरी जेमतेम चार-पाच दिवस पुरते, तेवढ्यात वाहत सरोवरापर्यंत पोचलं तर ठीक. १९९०च्या दशकात संशोधकांनी मॉमी आणि शेजारच्या सँडस्की नदीत पिल्लांचा माग काढला, तेव्हा दिसलं की नदीला लोंढा असेल तेव्हा फार थोडी पिल्लं वाचतात. म्हणून एखादाच वसंत असा साधतो की बघत राहावं. २००३ साली पिल्लांचं असं पीक आलं की पुढची दहाएक वर्षं मासेमारी बहुतांशी त्याच एका पिढीवर चालली. नंतरची कित्येक वर्षं हात आखडलेलीच होती. मग २०१५, २०१८ आणि २०१९ साली पुन्हा भरघोस पिल्लं वाचली.

शिवाय हे पाणी एकटं येत नाही. मॉमीच्या खोऱ्यात मैलोन्‌मैल मका आणि सोयाबीनची शेतं आहेत. वसंतातल्या लोंढ्याबरोबर शेतातलं स्फुरद सरोवरात उतरतं आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवं विषारी शेवाळ माजतं. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलिडो परिसरातल्या चार लाखांहून अधिक लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिता आलं नाही. ते उकळूनही उपयोग नव्हता, उकळल्यानं विष उलट घट्ट होतं. म्हणजे नदीकाठी गळ टाकणारा नियमानं वागला, तरी शंभर मैलांवर खताची गोणी रिकामी करणाऱ्या शेतकऱ्याचाही त्या माशाशी संबंध असतोच.

आपल्या शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. कितीही ओढ असली तरी बियाण्याची कणगी फोडायची नाही. चढणीचा मासा म्हणजे नदीचं बियाणं. गाबोळीनं भरलेला मासा चवीला छान लागतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. समुद्रात पावसाळ्यात यांत्रिक नौकांना बंदी असते, तिचं कारण आपल्याला पटतं. मग गावच्या ओढ्यात पहिल्या पावसाला दोन्ही काठ अडवून जाळं लावताना तेच कारण का आठवू नये? मासा धरूच नये, असं मॉमीचे लोकही म्हणत नाहीत. ते एवढंच म्हणतात की दिवस आमचा, रात्र माशाची. आपल्या ओढ्यावरही पात्राचा अर्धा भाग मोकळा ठेवला आणि गाबोळीची मादी पाण्यात परत सोडली, तर पुढच्या मृगालाही मासा चढलेला दिसेल.