मागच्या सीटवर कोण बसणार?

जुन्या मोटारीचे मागचे पाटे घ्यायला दुकानात गेलात, की पहिला प्रश्न येतो, ‘किती पाट्यांची कमान?’ आपण सांगतो, सहा किंवा सात. दुकानदार आतून तेवढ्या पाट्यांचा जुडगा आणून समोर ठेवतो आणि व्यवहार पुरा होतो. माझं म्हणणं असं, की पाट्यांचा आकडा ही कमानीबद्दलची सगळ्यांत कमी उपयोगाची माहिती आहे. लांबी किती, रुंदी किती, प्रत्येक पाट्याची जाडी किती, मधला बोल्ट नेमका कुठे आणि गाडीत मागे कोण बसणार, हे कळल्याशिवाय पाटे निवडू नयेत.

मी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत तपासणी विभागात नोकरी केली. व्हर्नियर हातात घेतल्याशिवाय कुठल्याही लोखंडावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय तिथली. निवृत्तीनंतर ती जुन्या गाड्यांच्या कामी आली.

कमान हा शब्द आपल्याकडे मोटारीच्या आधीपासूनचा. घड्याळाला कमान होती, टांग्याला कमान होती. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट यांनी १८०४ साली घोडागाडीच्या लंबगोल कमानीचं पेटंट घेतलं होतं. पुढे मोटार आली, तिने घोडा सोडला, पण कमान ठेवली. अँबेसिडर, फियाटची पुढे पद्मिनी झाली ती, या दोघींना मागे पाटे. महिंद्रच्या जुन्या जीपला तर चारही चाकांना पाटेच. (मागे मोठ्या अक्षरांत ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ रंगवलेली जीप अनेकांना आठवत असेल.) आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या बोलेरोनेही मागचे पाटे सोडलेले नाहीत. गंमत अशी, की हौशी तरुण जिला ‘आपली मसल कार’ म्हणतात त्या कॉन्टेसाला मागे पाटे नव्हतेच, गुंडाळीची स्प्रिंग होती.

खऱ्या अमेरिकन मसल कारपैकी अनेकींना मात्र पाटेच असत. १९६७ च्या शेव्हरोले कॅमॅरोला मागे प्रत्येक बाजूला एकच पाटा होता. जोरात गाडी सोडली की मागची चाकं उड्या मारत. म्हणून १९६८ मध्ये जास्त ताकदीच्या मॉडेलना अनेक पाट्यांची कमान दिली गेली. क्रायस्लरच्या शर्यतीसाठीच्या कमानी तर डावी वेगळी आणि उजवी वेगळी असत, कारण इंजिनाच्या पिळामुळे मागचा अ‍ॅक्सल एका बाजूला जास्त दबतो. म्हणजे ‘दोन्ही बाजूंना सारखंच असणार’ हेसुद्धा गृहीत धरायचं नाही.

ही कमान नुसते धक्के खात नाही. अँबेसिडरचा मागचा अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवतात ते हे पाटेच. सगळ्यांत वरच्या मेन पाट्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. पुढचा डोळा गाडीच्या अंगाला पक्का. मागचा डोळा शॅकलवर झुलता, कारण कमान दबली की सरळ होते आणि तिची लांबी वाढते. मधल्या बोल्टाचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात बसतं आणि यू बोल्ट सगळं आवळून धरतात. मेन पाटा तुटला किंवा मधला बोल्ट कातरला, तर अ‍ॅक्सल एका बाजूने सरकतो आणि गाडी तिरकी चालायला लागते. कसारा घाटात उतारावर असं झालं तर काय होईल, ते सांगायला नको.

आता एक उदाहरण. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांकडे वडिलांची १९७२ सालची अँबेसिडर आहे, मार्क टू. वडील गेले, पण गाडी विकली नाही, कारण ऐंशी ओलांडलेल्या आईला तिच्यातच बसायला आवडतं. दार मोठं, सीट खुर्चीसारखी, साडी सावरून आत जाता येतं. गाडी मागून बसली, म्हणून ते एका गॅरेजात घेऊन गेले. तिथे दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकून दिला. गाडी झोकात वर आली. त्यानंतर त्र्यंबकच्या रस्त्यावर पहिल्या पाचच किलोमीटरमध्ये आई म्हणाल्या, ‘‘अरे, यापेक्षा एस. टी. बरी.’’ त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. नंतर त्या गाडीत बसेनात. गृहस्थ माझ्याकडे आले ते विचारायला, ‘‘काका, आता विकूनच टाकू का?’’

मी म्हटलं, आधी मोजू.

मोजायचं कसं, ते सांगतो. कुणालाही घरी जमेल. गाडी सपाट फरशीवर उभी करायची, चारही चाकांत हवा नेमून दिल्याप्रमाणे भरायची. मग मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं, दोन्ही बाजूंचं. या गाडीत उजवी बाजू डावीपेक्षा १२ मिलिमीटर खाली निघाली. जादा पाटे टाकूनही! मग पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. ते जवळपास सारखं होतं, म्हणजे अ‍ॅक्सल सरकलेला नव्हता. त्यानंतर वाळूची पोती आणली, एकूण १०० किलो. निम्मी मागच्या सीटवर, निम्मी डिकीत, म्हणजे वजन साधारण अ‍ॅक्सलवर येतं. गाडी सरासरी १८ मिलिमीटर दबली. एका कमानीवर ५० किलो, म्हणजे दर मिलिमीटरला पावणेतीन किलोच्या आसपास. हा आकडा लिहून ठेवला.

मग कमानी उतरवल्या. इथे एक सांगतो, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून बसलेली गाडी वर येत नाही. साधा तेलाचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर वजन पेलत नाही, हेलकावे थांबवतो. तरीही बसलेल्या गाडीला पहिला खर्च त्याचाच होतो! दुसरं म्हणजे अँबेसिडरला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पाट्याचे ब्रॅकेट गाडीच्या पत्र्याच्या सांगाड्यालाच बसवलेले असतात. तो पत्रा गंजला असेल तर जगातली उत्तम कमानही कामाची नाही. म्हणून हातोडीने टकटक करून आधी तो पाहायचा, मग बुश, मग शॅकल. या गाडीचा पत्रा चांगला होता. बुश मात्र पार गेलेले.

पाटे सुटे करून रॉकेलने पुसले आणि उजव्या कमानीतला वरून दुसरा पाटा मधल्या भोकापाशी तडकलेला दिसला. पाटे बहुतेक वेळा तिथेच तडकतात, कारण भोकामुळे तिथे लोखंड कमी असतं. गाडी बसली होती ती यामुळे. गॅरेजवाल्याने जुडगा शिकंज्यात आवळून मधला बोल्ट तेवढा बदलला, खाली नवा पाटा जोडला, जुने पाटे सुटे केलेच नाहीत. तडा तसाच राहिला, वर कडकपणा वाढला. जादा पाट्यामुळे गठ्ठ्याची उंची वाढली आणि जुने यू बोल्ट आखूड पडले. एका नटात पुरते आटेसुद्धा नव्हते.

व्हर्नियर लावलं. जुने पाटे सुमारे ६ मिलिमीटर जाडीचे, जादा पाटा ८ मिलिमीटरचा. दोन मिलिमीटरने काय होतं, असं वाटेल. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ चा घन २१६, ८ चा ५१२. म्हणजे तो एक पाटा जवळजवळ अडीच पाट्यांचं काम करत होता. लांबीचंही तसंच, पण उलटं. लांबी थोडी कमी झाली तरी कमान पुष्कळ कडक होते. म्हणूनच ‘सात पाट्यांची द्या’ या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. पातळ सात पाटे जाड पाच पाट्यांपेक्षा मऊ असू शकतात. डिकीत सीएनजीची टाकी आणि रोज पाच प्रवासी घेणाऱ्या टॅक्सीला जी कमान योग्य, ती एका म्हातारीला देवदर्शनाला नेणाऱ्या गाडीला शिक्षा आहे.

जाडी मोजताना पाट्याचं टोक घ्यायचं नाही, तिथे घासून झीज झालेली असते. मेन पाट्याची लांबी डोळ्याच्या मध्यापासून डोळ्याच्या मध्यापर्यंत, पाट्याच्या बाकावरून टेप फिरवून घ्यायची. मधल्या बोल्टापासून पुढचा डोळा किती आणि मागचा किती, हे वेगवेगळं लिहायचं. हे मोजमाप चुकलं तर चाक मडगार्डच्या मध्यावर बसतच नाही. आणि डोळ्याचं आतलं माप, कारण बुश त्यावर ठरतो. अँबेसिडर १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत होती. ‘अँबेसिडरचे पाटे’ एवढ्यावर जाऊ नका, जुना मेन पाटा सोबत न्या.

बाक किती ठेवायचा हे मात्र बसलेल्या कमानीवरून कळत नाही. त्यासाठी आम्ही गाडी वजनकाट्यावर नेली आणि फक्त मागची चाकं काट्यावर घेतली. रिकामी ४९० किलो. मग आई, सूनबाई आणि नात मागे बसल्या, ६३० किलो. काटेवाला चकित झाला. बायामाणसांना काट्यावर बसवून गाडी तोलणारे आम्हीच पहिले असू. हे दोन आकडे आणि हवी ती उंची कागदावर लिहून आम्ही मुंबई-आग्रा महामार्गावरच्या एका पाटेवाल्याकडे गेलो. ट्रकच्या कमानी ठोकण्यात आयुष्य गेलेला माणूस. कागद बाजूला ठेवून त्याने आधी जुना पाटा बोटाने वाजवला, मग कागद वाचला.

तीन मार्ग होते. जुन्या पाट्यांना पुन्हा बाक देणं हा स्वस्तातला. पण थंड पाटा नुसता ठोकून दिलेला बाक फार टिकत नाही. तापवून दिला, तर तेलात बुडवून पुन्हा ठरावीक उष्णता द्यावी लागते, नाहीतर पाटा मऊ पडतो किंवा काचेसारखा तुटतो. तडकलेल्या पाट्याला वेल्डिंग तर कधीच नाही. त्या पोलादाला जोडाशेजारी नवा तडा जातो. तयार कमान हा दुसरा मार्ग, पण मिळाली ती टॅक्सीच्या मापाची. म्हणून तिसरा मार्ग घेतला. मूळच्या जाडीच्या नव्या पाट्यांची, मूळ तेवढ्याच पाट्यांची जोडी करून घेतली. एकच बाजू बदलायची नाही, नेहमी जोडी.

बसवताना दोन गोष्टी पाळल्या. यू बोल्ट नवे घातले, कारण एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. आणि डोळ्यांचे नट शेवटचे आवळले ते गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर वजन आल्यावर. लटकत्या गाडीत आवळले तर रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि फाटतो. हे सांगितलं की मेकॅनिक कंटाळतात, कारण गाडीखाली पुन्हा शिरावं लागतं. तरी सांगावं.

पुन्हा वाळूची पोती ठेवली. गाडी २६ मिलिमीटर दबली, म्हणजे दर मिलिमीटरला दोन किलोच्या आत. आई आता बसतात. पुढच्या रविवारी त्र्यंबकला जाऊन आल्या आणि येताना झोपल्या होत्या, असं कळलं.

पाचशे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळून घेतले, तेव्हा ते पाव आटा फिरले. नवी कमान पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, म्हणून उंचीही पुन्हा मोजली. उजवी बाजू तीन मिलिमीटर खाली आहे. चालवणारा त्याच बाजूला बसतो, तेव्हा तेवढं आम्ही राहू दिलं.