तिनं विश्वास आपल्यावर टाकला

आमच्या बीडच्या कचेरीत संगणक एकच, बसणाऱ्या अनेक. ऊसतोडीहून परतलेल्या एका बाईच्या छळाबद्दल मी त्यावरच ‘पिजिन’मधून वकीलताईंना निरोप लिहिले. २००७ पासून या नावानं चालणारं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याची घडण कुणालाही तपासता येते. म्हणूनच कळलं, की जतन केलेला पासवर्ड पिजिन २ संगणकात साध्या अक्षरांत ठेवतं. बनवणाऱ्यांनी हे लपवलेलं नाही. बोलण्याची नोंदही तिथंच उरते. मी फाईल उघडली, तर त्या बाईचं नाव समोर! निरोप वाटेत कुलूपबंद असला, तरी कचेरीत उघडाच. तेव्हा पासवर्ड जतन करू नका, नोंद बंद करा, जुनी पुसा. तिनं विश्वास आपल्यावर टाकला, यंत्रावर नव्हे.