तिसरी बाटली

(मंडळाच्या गणेशोत्सवातील ‘आमची भटकंती’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला ‘अमेरिकेतल्या गमतीजमती’ सांगायला सुचवले आहे. सांगतो. पण त्यात एक कबुलीही आहे, आणि ती जिच्यापाशी द्यायची ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

एप्रिल २०१८ मध्ये आम्ही दोघे ह्यूस्टनला मुलाकडे गेलो होतो. त्याने आर. व्ही. भाड्याने घेतली. आर. व्ही. म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड! पंचवीस फुटांत शेगडी, फ्रिज, बिछाने, संडास, न्हाणी, सगळे. सौ.ने पहिल्याच संध्याकाळी त्यात कुकर लावला. सूनबाई म्हणाली, “आई, सहलीला आलोय ना आपण?”

जायचे होते बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात. ह्यूस्टनहून साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही दोन दिवसांत गेलो. मॅरेथॉन नावाच्या चिमुकल्या गावात पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली, कारण तिथून उद्यानाच्या मुख्यालयापर्यंत सुमारे ११० किलोमीटर नुसते माळरान. हे उद्यान १९४४ साली झाले. क्षेत्र आठ लाख एकरांहून अधिक. दक्षिणेला रिओ ग्रांदे नदी मोठे वळण घेते, त्यावरून ‘बिग बेंड’. पलीकडचा काठ मेक्सिकोचा. मधोमध चिसोस पर्वत. त्याचे एमरी शिखर २,३८७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून बरेच उंच.

हे चिहुआहुआचे वाळवंट. मेक्सिकोतल्या दोन मोठ्या पर्वतरांगा समुद्रावरून येणारी वाफ अडवतात आणि मधला प्रदेश कोरडा राहतो. मुलगा नकाशावर हे समजावत होता तेव्हा सौ. म्हणाली, “म्हणजे आमचं म्हसवडच की!” तिचे माहेर माण तालुक्यातले. सह्याद्रीने पाऊस अडवला की मागे काय उरते, हे तिला नकाशावाचून ठाऊक.

चिसोसच्या कुशीत गारवा असतो, पण तिथे जाणारा रस्ता इतका नागमोडी की २४ फुटांहून लांब आर. व्ही. नेऊ नये असे उद्यानवाले बजावतात. आमचे बिऱ्हाड एका फुटाने नापास! मग खाली नदीकाठच्या तळावर मुक्काम. जागेवर पाण्याची जोडणी नव्हती. टाकीत सुमारे दीडशे लिटर होते, माणसे चार आणि रात्री तीन. मी कागदावर हिशेब मांडला. सौ.ने हिशेब न करताच वाटीभर पाण्यात भांडी विसळायला सुरुवात केली. मैल्याची टाकी ठरलेल्या जागी रिकामी करायची असते, तो जाड नळ मी स्वतः लावला. चौतीस वर्षे टर्बाइनच्या विभागात साहेब म्हणून काढली, पण घरातला मैला कुठे जातो हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. असो.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या उष्ण झऱ्यावर जायचे ठरले. पाणी ४० अंशांच्या थोडे वर. १९०९ मध्ये लँगफर्ड नावाचा एक आजारी गृहस्थ प्रकृती सुधारावी म्हणून तिथे येऊन राहिला. त्याच्या स्नानगृहाचा दगडी पाया अजून आहे. मोटाररस्ता आमच्या गाडीला अरुंद, म्हणून पायवाट धरली. जाऊन-येऊन साडेनऊ किलोमीटर, सावली जवळजवळ नाहीच. सूनबाई गाडीत थांबली. दर माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी बाळगा, अशी सूचना आम्ही तिघांनीही वाचली होती. तरी मी म्हणालो, “दोन बाटल्या पुष्कळ झाल्या. हरिश्चंद्रगड एका बाटलीत केलाय मी.” तो गड मी तेविसाव्या वर्षी केला होता, तोही डिसेंबरात. आता सासष्ट चालू होते. सौ.ने तिसरी बाटली घेतलेली पाहून मी मुलासमोर तिची थट्टा केली. ती काही बोलली नाही.

जाताना छान वाटले. झऱ्यात पाय सोडून बसलो. समोर मेक्सिकोच्या काठावर घोडे चरत होते. नदी रुंदीला आपल्या गावच्या ओढ्याएवढी. मुलगा म्हणाला, यातले बरेचसे पाणी मेक्सिकोच्या कोन्चोस नदीचे, वरच्या अंगाचे शेतीलाच संपते.

परतताना दुपार झाली. दोन्ही बाटल्या संपल्या. रक्तदाबासाठी मी जी गोळी घेतो ती अंगातले पाणी लघवीवाटे काढते, हे मला आठवायला हवे होते. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडातून शब्द निघेना. मी एका दगडाच्या तोकड्या सावलीत बसलो. खरे म्हणजे कोसळलो. मुलाचा चेहरा पांढरा पडला. फोनला रेंज नाही.

सौ.ने पिशवीतून ती तिसरी बाटली काढली. दोन लिटरची, तोंडही न लावलेली. घरून आणलेली मीठ-साखर तिने आधीच घालून ठेवली होती. पदर भिजवून माझ्या मानेवर ठेवला आणि झाकणाने घोट घोट पाजले. मी बाटली ओढू लागलो तर म्हणाली, “हळू. अजून दोन किलोमीटर आहेत.” तासाभराने मुलाच्या खांद्यावर हात टाकून उठलो. बाटलीत तळाशी चार बोटे पाणी तेव्हाही शिल्लक होते. स्वतः ती किती प्यायली, ते मी विचारले नाही.

अडतीस वर्षे मी तिच्या भरलेल्या कळश्या, पातेली, डबे यांची चेष्टा केली. “अगं, आपण भोपाळात राहतो, तळ्यांच्या गावात!” हे माझे ठरलेले वाक्य. तुमच्यापैकी अनेकांनी ते आमच्या घरी ऐकले आहे, हसलाही आहात. त्या दिवशी गाडीत पोहोचल्यावर मला चार शब्द बोलायचे होते. मुलगा-सून समोर होते, राहून गेले. ते आज इथे बोलतो आहे: चूक माझी होती.

हल्ली तिचे गुडघे दुखतात. वरच्या फळीवरची कळशी रोज रात्री मी भरतो.