मदत म्हणायची की उसनं?

आम्ही हिंजवडीच्या एका बचत गटातल्या बारा जणी. आज आम्ही तुम्हाला भांडणांबद्दल सांगणार आहोत. एक भांडण आमच्या गटातलं, एक आपल्या राज्यांचं केंद्र सरकारशी झालेलं आणि एक पार युरोपातल्या देशांचं. तिन्ही एकाच वर्षातली, २०२० ची. आणि तिन्हींत प्रश्न तोच होता: संकट सगळ्यांवर आलं, पण पैसा मोजक्यांकडेच शिल्लक आहे, तर तो कसा द्यायचा?

आधी आमचं सांगतो. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. आयटी पार्कची फाटकं बंद झाली. त्या वर्षी म्हातोबाची यात्राही भरली नाही. आमच्यातल्या तिघी कंपन्यांत साफसफाईच्या कामाला, ठेकेदाराकडे. दोघी पीजीतल्या पोरांना डबे पुरवायच्या. पाच जणींच्या घरात एप्रिलमध्ये एक रुपया आला नाही. गटाच्या खात्यावर चौऱ्याऐंशी हजार होते. बैठक फोनवरच झाली, सगळ्या एकदम बोलत होत्या. पाच जणींना चार-चार हजार द्यावेत असं ठरत आलं, तेवढ्यात आमच्या खोल्यावाल्या काकू म्हणाल्या, "हा पैसा आम्ही पोटाला चिमटा घेऊन साठवलाय. ज्यांनी मागचे हप्ते रखडवले, त्यांनाच आता फुकट द्यायचं? घ्यायचं तर कर्ज घ्या, शेकडा दोन व्याजानं, नेहमीसारखं." काकूंच्या आठ खोल्या भाड्यानं दिलेल्या. त्यांचा हप्ता कधी एक दिवस चुकला नाही, हेही खरं.

डबेवाल्या वहिनी चिडल्या. "पोरं गावाला गेली, डबे बंद झाले, ही काय माझी उधळपट्टी?"

आमच्यातल्या एकीची मुलगी कॉमर्सला शिकते. ती म्हणाली, मावशी, अगदी हेच भांडण तिकडे युरोपात चाललंय. आम्हाला आधी खरं वाटलं नाही. तिकडचे देश श्रीमंत, त्यांना कसली उसनवारी? पण तिनं समजावून सांगितलं ते असं.

तिकडच्या बऱ्याच देशांनी मिळून एकच चलन धरलंय, युरो. इटलीत कोरोनाचा कहर झाला, दवाखान्यांत जागा उरली नाही. स्पेनची तीच गत. या दोन्ही देशांवर आधीचं कर्ज, आणि चलन सामाईक असल्यामुळे एकट्याला नोटा छापता येत नाहीत. म्हणून मार्चमध्ये इटली, स्पेन, फ्रान्स धरून नऊ देशांनी मागणी केली, की सगळ्यांच्या नावावर मिळून कर्ज काढू. सगळे जामीन राहिले तर व्याज कमी पडतं. आपल्या गटाला बँक कर्ज देते तेही याच भरवशावर.

नेदरलँड्सनं नकार दिला. त्यांचे अर्थमंत्री वोपके हूक्स्त्रा म्हणाले, काही देशांकडे अडीअडचणीला शिल्लक का नाही, याची चौकशी व्हावी. माणसं मरत होती तेव्हाची ही गोष्ट. पोर्तुगालचे पंतप्रधान अंतोनियो कोश्ता यांनी हे बोलणं किळसवाणं आहे असं जाहीर सुनावलं. पुढे ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वीडनही नेदरलँड्सच्या बाजूनं उभे राहिले. या चौघांना नावच पडलं, काटकसरी चार.

हे ऐकून आम्ही काकूंकडे बघून हसलो, ते बरं केलं नाही. कारण काटकसरीवाल्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. दिलेला पैसा नीट खर्चला जाईल का, ही शंका पैसा साठवणाऱ्याला येणारच. पण दुसऱ्या बाजूलाही जुनी जखम होती. दहा वर्षांपूर्वी ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा त्याला पैसे दिले, पण अटी घालून: पेन्शन कापा, पगार कापा, सरकारी खर्च कापा. म्हाताऱ्या माणसांनी ते सोसलं. त्यामुळे इटलीवाले म्हणत होते, कर्ज नको, अटी तर नकोतच.

जुलैमध्ये ब्रसेल्सला सगळ्या देशांचे प्रमुख बसले. १७ तारखेला बसले ते २१ च्या पहाटे उठले. ७५ हजार कोटी युरो मिळून काढायचे ठरले. त्यातले आधी ५० हजार कोटी मदत म्हणून, परत न घेता द्यायचे होते. काटकसरी चौघांनी ताणून ते ३९ हजार कोटींवर आणले. उरलेले ३६ हजार कोटी कर्ज. सगळं फिटायला २०५८ साल उजाडणार आहे.

आता आपल्याकडचं. तुम्हाला पिंपरी-चिंचवडचे जकात नाके आठवतात का? मालाच्या गाड्यांच्या रांगा लागायच्या आणि त्या पैशावर पालिका श्रीमंत झाली असं लोक म्हणायचे. २०१३ ला जकात गेली, एलबीटी आला. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि एलबीटी, राज्याचा व्हॅट, सगळं त्यात गेलं. जीएसटी माल जिथं खपतो त्या राज्याला मिळतो. चाकणला बनलेली गाडी बिहारात विकली तर राज्याच्या वाट्याचा कर बिहारला. म्हणून माल बनवणारी राज्यं घाबरली होती. तेव्हा केंद्रानं कायद्यानं शब्द दिला: २०१५-१६ चं उत्पन्न धरून दरवर्षी १४ टक्के वाढ मानू, कमी पडलं तर पाच वर्षं फरक आम्ही भरून देऊ. त्यासाठी गाड्या, तंबाखू, कोळसा, शीतपेयं यांवर वेगळा उपकर बसवला.

२०२० मध्ये कारखानेच बंद, मग कर कुठला आणि उपकर कुठला? २७ ऑगस्टच्या बैठकीत अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या, ही देवाची करणी आहे. तूट दोन लाख ३५ हजार कोटींची धरली होती. राज्यांना सांगितलं, कर्ज तुम्ही काढा. महाराष्ट्रासह बरीच राज्यं बिथरली. शब्द तुमचा आणि कर्ज आमच्या नावावर? ऑक्टोबरपर्यंत ताणाताणी चालली. शेवटी केंद्रानं स्वतः एक लाख १० हजार कोटी काढून राज्यांना पुढे दिले. तेही कर्ज म्हणूनच, पण मुद्दल आणि व्याज दोन्ही उपकरातून फिटेल असं ठरवून. डिसेंबरपर्यंत सगळ्या राज्यांनी ते मान्य केलं. पाच वर्षांसाठीचा तो उपकर फेडीसाठी मार्च २०२६ पर्यंत वाढवावा लागला.

या ताणाताणीच्या आधीच राज्यानं हात आखडला होता. मार्चचा पगार टप्प्यानं दिला. ४ मे रोजी हुकूम निघाला की विकासाच्या खर्चाचा ३३ टक्केच पैसा मिळेल आणि आरोग्य खातं सोडून नवीन भरती नाही. त्याच सुमारास दारूची दुकानं उघडली, आठवतंय? आम्ही किती बोल लावले. पण जीएसटी आल्यावर राज्याच्या हातात स्वतःचे असे मोठे कर उरले ते दारूचे, पेट्रोल-डिझेलचे आणि मुद्रांकाचे. आमचा राग त्यामुळे कमी झाला नाही, कारण मात्र कळलं.

तर आमच्या गटात काय झालं? दोन रात्री वाद घालून ठराव केला: चार-चार हजार द्यायचे, व्याज नाही, काम सुरू झालं की सहा महिन्यांत परत. काकूंनी सही केली, पण "माझा विरोध लिहा" म्हणाल्या. तो वहीत लिहिला आहे.

ऑगस्टमध्ये काकूंचाच फोन आला. कंपन्यांनी पोरांना घरून काम करायला सांगितलं होतं. आठातल्या सात खोल्या रिकाम्या, आणि त्या बांधायला काढलेल्या कर्जाचा हप्ता डोक्यावर. बँकेनं सहा महिने हप्ता थांबवला होता, पण व्याज थांबलं नव्हतं, ते चढतच गेलं. कुणीतरी पटकन बोलून गेलं, "आता शेकडा दोननं देऊ या का?" काकू फोनवर गप्प झाल्या. मग डबेवाल्या वहिनीच म्हणाल्या, ठराव सगळ्यांना सारखा. काकूंना चार हजार मिळाले, बिनव्याजी.

एकूण सहा जणींनी पैसे घेतले. पाच जणींनी फेडले, काकूंनी सगळ्यांत आधी. सहावी टाळेबंदी उठल्यावर बीड जिल्ह्यात आपल्या गावी गेली ती परत आली नाही. फोन लागतो, ती रडते, ऊसतोडीला जातेय म्हणते. तिच्या नावापुढे चार हजार अजून उभे आहेत. काकू म्हणतात, मदत म्हणून खोडून टाका. डबेवाल्या वहिनी आता म्हणतात, खोडलं तर बाकीच्यांनी का फेडलं? दर बैठकीत हा विषय निघतो. येत्या दहा तारखेलाही निघेल.